वेणीताईचा ‘हो’

वेणीताईच्या हाताखाली डोकं दिलं की माणूस निर्धास्त व्हायचं. तिची बोटं केसांत शिरली की बोलक्या बायका गप्प व्हायच्या आणि गप्प बायका बोलायला लागायच्या. गुंता कितीही असो, तिने कधी हिसका दिला नाही. कोपऱ्यावरच्या त्या पार्लरमध्ये तीन खुर्च्या होत्या, पण गिऱ्हाइकं एकाच खुर्चीसाठी ताटकळायची. मालकीणबाई स्वतः मोकळ्या उभ्या असल्या तरी त्यांच्या तोंडावर सांगायची, "नको, आम्ही थांबतो, वेणीताईचं होऊ दे." मालकीणबाई हसून घ्यायच्या. गल्ला त्यांचाच होता, त्यामुळे हसणं सोपं जायचं.

सगळे निर्धास्त, एकटी वेणीताई सोडून. सकाळी पार्लरचं दार ढकलताना तिची नजर रोज आधी कपाटाकडे जायची. आज काही नवीन तर आलं नसेल? नवीन रंग, नवीन यंत्र, नवीन पद्धत? जुन्यावर तिचा हात बसला होता. नवीन आलं की त्याच्यासोबत बारीक अक्षरांचा कागद यायचा, आणि त्या कागदावर आकडे असायचे.

तिला वाचता येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण बोट ठेवून, ओठ हलवत, जोडाक्षर आलं की अडखळत आणि मग मागे येऊन. आरशात गिऱ्हाईक बघत असताना असं कोण वाचणार? म्हणून तिने आपल्या सोयी करून ठेवल्या होत्या. केसांच्या रंगात एक दुधासारखं पांढरं औषध कालवावं लागतं, त्याला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात. त्याच्या बाटल्या ती झाकणावरून ओळखायची. पांढरं झाकण म्हणजे सौम्य, पिकल्या केसांना आणि नाजूक टाळूला. निळं म्हणजे मधलं. लाल म्हणजे जहाल. ते मालकीणबाई एकट्या वापरायच्या, आणि तेही टाळूला लागू न देता, केसांच्या नुसत्या टोकांना. रंग लावल्यावर किती वेळ ठेवायचा, यासाठी तिने भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर चिकटटिकल्या लावल्या होत्या. मोठा काटा हिरव्या टिकलीवर असताना रंग लावून संपला, तर पिवळ्या टिकलीवर पोचला की डोकं धुवायचं. मधे किती मिनिटं गेली, हे तिला सांगता आलं नसतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय हौशी बाई आहे, घड्याळसुद्धा सजवते!

आणि सगळ्या सोयींची राणी म्हणजे तिचा ‘हो’. कुणी काही समजावून सांगितलं आणि शेवटी "कळलं?" असं विचारलं की वेणीताई मान डोलावून, डोळ्यांत डोळे घालून, इतका गोड ‘हो’ म्हणायची की सांगणाऱ्याला आपण किती छान सांगतो असं वाटायचं. मग ती हळूच दुसरी कुणी तेच काम करताना बघायची आणि हाताने उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. फक्त सव्वा म्हणजे नेमकं किती, हे कुणी विचारलं असतं तर मूठ तिथल्या तिथे उघडली असती.

वेणी हे तिचं खरं नाव नव्हे. ते शाळेत पडलं. दुसरीत असताना ती मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या वेण्या घालायची, आणि त्या संध्याकाळपर्यंत सुटत नसत. ही बातमी वर्गाच्या बाईंपर्यंत गेली, तिथून शिक्षकांच्या खोलीत गेली. मग बाईंना अंबाडा घालून हवा असायचा, आणि तो गणिताच्या तासालाच हवा असायचा, कारण पुढच्या सुट्टीत मुख्याध्यापक शाळेत चक्कर मारायचे. विज्ञानाच्या तासाला दुसऱ्या बाई बोलवायच्या. शाळेचा कार्यक्रम असला की आठवडाभर वेणी वर्गात दिसायचीच नाही. बाकीच्या मुली जळायच्या. तीही उड्या मारत जायची. तास चुकवायला मिळतोय आणि वर कौतुकही, कुठल्या पोरीला नको असतं? भागाकार वर्गात आला आणि निघून गेला, तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत तोंडात पिना धरून उभी होती. अपूर्णांक आले तेव्हाही तिथेच होती. परीक्षेत बाई तिला पुढे ढकलत राहिल्या. अंबाड्याचं ऋण असतं शेवटी.

तिची आई बटणांच्या कारखान्यात बटणं निवडायची. बाई खमकी, एकदा बोलली की बोलली. शाळेतून सांगणं आलं, की मुलगी अभ्यासात मागे आहे पण हातात कला आहे. आईने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. "हातात कला आहे म्हणजे उपाशी मरायची नाही," ती म्हणाली, आणि प्राथमिक शाळा संपताच पोरीला एका केस कापणाऱ्या बाईकडे नेऊन बसवलं. उपाशी मेली नाही, हे खरंच. पुढे लग्न झालं, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून थोडे दिवस घरी, मुलगी झाली, पार्लरमध्ये नाव झालं. आई लेकीकडेच राहायला आली, आणि कुणीही शिक्षणाचा विषय काढला की लेकीकडे बोट दाखवून विचारायची, "हिचं काय अडलं?"

काय अडलं, ते वेणीताईला माहीत होतं. मुलगी तान्ही असताना तापाने फणफणली, तेव्हा औषधाची बाटली घेऊन ती शेजारणीकडे पळाली होती. "चष्मा सापडत नाहीये हो, किती द्यायचं तेवढं वाचून सांगता?" चष्मा तिला कधी लागलेलाच नव्हता. शेजारीण घरी नसती तर? हा प्रश्न तिला पुढे कितीतरी वर्षं भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मधेच आठवायचा, आणि हात थांबायचा. आईला मात्र तिने हे कधी सांगितलं नाही. आईच्या अभिमानाला धक्का लावायची तिची छाती नव्हती.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी ठरेल तर शपथ. फक्त हातात कात्री आणि कागद दिला की ती तासन्‌तास बसायची. आधी रेघ न ओढता, सरळ कात्री चालवत ती पक्षी कापायची, झाडं कापायची, धावणारी कुत्री कापायची. आता ती चौथीत होती, आणि त्या आठवड्यात शाळेने वेणीताईला भेटायला बोलावलं.

वर्गाच्या बाई किडकिडीत होत्या आणि त्यांच्या बाह्यांना खडूची पूड लागलेली होती. त्यांनी टेबलावर भिंगरीचे कागदी पक्षी मांडले आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या हातात कला आहे."

हे वाक्य ऐकून आनंद व्हायला हवा होता. वेणीताईने पक्ष्यांवरून नजर काढून घेतली.

बाईंनी सांगितलं ते असं. शाळेला नवे मुख्याध्यापक आले होते आणि त्यांनी एक आवडवर्ग काढला होता. ज्या मुलांचा कल लहानपणीच दिसतो त्यांनी बहुतेक वेळ तेच करायचं. भाषा, गणित, विज्ञान जमेल तसं, ओझं न वाटता. भिंगरीचं नाव त्यात पहिलं होतं. आईवडिलांनी शनिवारी येऊन होकार द्यायचा, म्हणजे सोमवारपासून ती त्या वर्गात.

"तुम्हाला काय वाटतं?" वेणीताईने विचारलं.

"मला पाठवू नये असं वाटतं," बाई स्पष्ट म्हणाल्या. "कात्री कुठे पळून जात नाही. पण तिला घड्याळ कळत नाही. अर्धा मोठा की पाव, हे कळत नाही. धडा वाचून दाखवते तो पाठ करून. आणि तिला कळत नाही हे कळायला मलाच अर्धं वर्ष लागलं."

"ते कसं काय?"

"मी विचारते, कळलं का? ती म्हणते, हो. इतका छान हो म्हणते की मी पुढे जाते."

वेणीताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, बाईंनी आता आपल्याकडे बघू नये.

"या वयात पाया कच्चा राहिला तर पुढे प्रत्येक गोष्ट अंधारात चाचपडत करावी लागते तिला. तुम्हाला कळतंय ना, मी काय म्हणते ते?"

"हो," वेणीताई म्हणाली.

घरी हे सांगितल्यावर आईने बाईंनाच उडवून लावलं. "मोठे साहेब पाठवा म्हणतात आणि ही बाई नको म्हणते? पोरीच्या हातात तुझ्यासारखी कला आहे. तुझं काय अडलं? शनिवारी मी येते शाळेत. तू तिथे जाऊन नुसती मान हलवशील." भिंगरी आजीच्या गळ्यात पडली. तिला आवडवर्गात जायचंच होतं; गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायचं, आणि ते खोटं दुखत नसे. वेणीताईने पानं वाढायला घेतली. रात्रभर तिला वाटत राहिलं की आपण बोलायला हवं. पण बोलायचं म्हणजे आधी मूठ उघडायची. आईसमोर, आणि पोरीसमोरसुद्धा.

शुक्रवारी दुपारी मालकीणबाई गावाबाहेर गेल्या होत्या आणि पार्लर वेणीताईवर होतं. शाळेत उठून दिसायला हवं म्हणून आई केसांना रंग लावून घ्यायला आली. शाळा सुटल्यावर भिंगरीलाही घेऊन आली. आईचा रंग वेणीताई नेहमीच लावायची. पिकले केस, पातळ टाळू, पांढऱ्या झाकणाची बाटली. यात डोकं चालवायचं काही नव्हतंच.

तिने कपाट उघडलं आणि पांढऱ्या झाकणाची बाटली नव्हती. निळीही संपलेली. दुकानदाराने सगळा माल लाल झाकणाचा पाठवला होता.

तिने मालकीणबाईंना फोन लावला. पलीकडे गाड्यांचा आवाज होता. "अगं, त्यात काय! लालच घे, त्यात पाणी घालून त्याची ताकद चौथ्या हिश्शावर आण, म्हणजे पांढऱ्यासारखंच होतं. कळलं ना?"

"हो," वेणीताई म्हणाली. फोन ठेवला गेला.

आता ती लाल बाटली हातात घेऊन उभी राहिली. ताकद चौथ्या हिश्शावर. पुन्हा फोन करावा? मालकीणबाई म्हणतील, एवढी वर्षं काम करतेस आणि हे येत नाही? आईला म्हणावं, आज नको, उद्या बघू? आई विचारेल, का? बाटलीवर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत, पाठीमागून पुढपर्यंत. ती बोट ठेवणार तेवढ्यात आरशातून आईने हाक मारली, "काय गं, झोपलीस का?"

भिंगरी कपाटापाशी येऊन उभी होती. वेणीताईने आवाज खाली केला. "भिंगरे, तुम्हाला शाळेत चौथा हिस्सा शिकवलाय ना?"

"हो."

"मग हे चौथ्या हिश्शावर आणायचं. पाणी किती घालायचं?"

भिंगरीने औषध मोजायचा पेला उचलला. त्यावर चार रेघा होत्या. तिने त्या बोटाने मोजल्या आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "तीन रेघांपर्यंत हे घाल, आणि वर चौथ्या रेघेपर्यंत पाणी. चौथा हिस्सा!"

वेणीताईला ते पटलं. पाणी जास्त झालं तर रंग चढत नाही, असं तिला उगीचच वाटायचं. हे एवढंसं पाणी बरोबर दिसत होतं. तरी तिने विचारलं, "कळतंय ना तुला नक्की?"

"हो," भिंगरी म्हणाली. डोळ्यांत डोळे घालून, मान डोलावून, अगदी गोड.

आणि इथेच वेणीताईच्या मनात काहीतरी हललं. हा ‘हो’ तिने ओळखला. तिच्याच घरचा होता तो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण आई खुर्चीत बसली होती, अंगावर कापड गुंडाळून झालं होतं, आणि पोरगी शाळेत जाते, आपल्यापेक्षा तिला जास्तच येत असणार. तिने पेला भरला.

रंग लावताना आई नेहमी कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायची. त्या दिवशीही सुरुवात केली, आणि मधेच थांबली.

"लागतंय का?" वेणीताईने विचारलं.

"छे गं. तुझा हात कधी लागलाय का?"

मोठा काटा हिरव्या टिकलीवरून निघाला. वेणीताईने हातमोजे धुतले, कंगवे धुतले, धुतलेले कंगवे पुन्हा धुतले. आई गप्प होती. आई गप्प बसणारी बाई नव्हे. तिची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेली होती. वेणीताईने पुन्हा विचारलं, "आई, बरं वाटतंय ना?"

"हो," आई म्हणाली. पण आरशात तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायला तिने हात कापडाबाहेर काढला नव्हता.

काटा पिवळ्या टिकलीपर्यंत जायचा होता. वेणीताईने तो बघितलाच नाही. तिने आईला जवळजवळ ओढत बेसिनशी नेलं आणि गार पाण्याची धार सोडली. रंग उतरला तशी खालची टाळू दिसायला लागली. लाल, सुजलेली, आणि कपाळाच्या वर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, बारीक फोड. आईने तेवढ्यात एकदाच तोंड उघडलं, "आई गं!" सत्तरीची बाई स्वतःच्या मेलेल्या आईला हाक मारत होती. भिंगरी कपाटाला टेकून उभी होती, आणि तिच्या हातात अजून तो पेला होता.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी बाटली हातात घेऊन वाचली. "हे असंच लावलं?"

"नाही, पाणी घातलं होतं. चौथा हिस्सा."

"पाणी चौथा हिस्सा, की औषध चौथा हिस्सा?"

या दोन्हींत काही फरक असू शकतो, हे वेणीताईला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी तिचा चेहरा बघितला, आणि शेजारच्या कागदावर एक चौकोन काढून त्याचे चार भाग केले. एक भाग औषध, तीन भाग पाणी, असं हवं होतं. तुम्ही तीन भाग औषध आणि एक भाग पाणी घातलं. "पांढऱ्या बाटलीच्या तिप्पट जहाल लागलं त्यांना," ते म्हणाले. "डोक्याच्या मागचं बरं होईल. पुढे फोड आलेत तिथले केस परत येतील की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. थोडक्यात वाचलं. ओघळ डोळ्यांत गेला असता तर?"

पुन्हा तोच ‘तर’. आजवर तो नुसता आठवायचा. आज तो समोर बसला होता, आईच्या डोक्याला मलम लावून.

घरी आल्यावर आई गोळी घेऊन झोपली. वेणीताईने मालकीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या भडकल्या. "मला परत विचारायला तुझी जीभ झडली होती का? दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर मला दुकानाला टाळं लावावं लागलं असतं. मी सांगेपर्यंत रंगाला हात लावायचा नाहीस." वेणीताई एवढंच म्हणाली, "मला कळलं नव्हतं." हे तीन शब्द तिने मालकीणबाईंना पहिल्यांदाच सांगितले होते.

भिंगरी कुठेच दिसेना. शेवटी ती टेबलाखाली सापडली, गुडघ्यांत डोकं घालून. आज तिच्या हातात कात्री नव्हती.

"माझ्यामुळे झालं ना?" ती म्हणाली.

"नाही. मी मोठी आहे. मी विचारायला हवं होतं."

"तू विचारलंस ना. मला विचारलंस. मला येत नव्हतं." भिंगरीने डोकं वर केलं. "तू खूप घाबरलेली दिसत होतीस. म्हणून मी हो म्हटलं."

वेणीताई खाली वाकून टेबलाखाली शिरली आणि पोरीला पोटाशी धरून बसली. आपण घाबरतो, हे आजवर कुणालाच कळलं नाही असं ती समजत होती. आणि हे एवढंसं पोर रोज ते बघत होतं, आणि आईची भीती जावी म्हणून हो म्हणत होतं.

शनिवारी सकाळी आई डोक्याला मऊ रुमाल बांधून तयार होऊन बसली. "तू नको येऊस, झोप," वेणीताई म्हणाली. "येणार म्हटलं की येणार," आई म्हणाली. रस्त्याने तिघी चालत गेल्या. आई शाळेत काय बोलेल, या काळजीने वेणीताईला पायाखालचा रस्ता दिसत नव्हता. आईने तिथे ‘हिचं काय अडलं’ म्हटलं तर? तर आपण तोंड उघडू, की नेहमीसारखी मान हलवू? तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

मुख्याध्यापक उमदा माणूस होता. त्यांनी भिंगरीचे पक्षी खोलीच्या भिंतीवर लावले होते. वर्गाच्या बाई दाराशी उभ्या होत्या. "या, या!" मुख्याध्यापक म्हणाले. "मग काय ठरलं? इतक्या लहान मुलांवर नावडत्या गोष्टींचं ओझं टाकू नये, असं माझं मत आहे. तुम्ही स्वतः केवढ्या नावाजलेल्या आहात. तुमचं काही अडलं का?"

आईचं वाक्य परक्याच्या तोंडून आलं. वेणीताईने आईकडे बघितलं. आई रुमालाची गाठ चाचपत होती.

"अडलं साहेब," वेणीताई म्हणाली. आवाज नीट निघाला नाही म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "अडलं. मलाही असंच वर्गातून बाहेर काढलं होतं. मी उड्या मारत गेले. तेव्हापासून मी घाबरते. रोज घाबरते, घड्याळाला, बाटलीला, कागदाला. आणि काल रंगाच्या औषधात पाणी कमी घालून मी माझ्या आईचं डोकं भाजलं, कारण मला चौथा हिस्सा कळत नाही." ती आईकडे वळली. "आई, मला कधीच येत नव्हतं गं. मी सांगितलं नाही तुला."

वेणीताई आईच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांची मूठ उघडून झाली होती आणि आता तिच्यावर काय पडतं, तेवढंच बघायचं होतं.

आईने गाठीवरचा हात खाली घेतला. मग मुख्याध्यापकांकडे बघून म्हणाली, "साहेब, त्या वर्गातून आमच्या पोरीचं नाव काढा. एवढ्या एका कलेने माझ्या डोक्यावर फोड आणलेत. दुसरी मला झेपायची नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच खमका होता, पण तिने लेकीचा हात धरला होता, आणि सोडला नव्हता. "कात्री घरी चालव गं, भिंगरे. मी कुठे नाही म्हणते?"

मुख्याध्यापकांनी रुमालाकडे बघितलं आणि आवडवर्गाच्या यादीतलं पहिलं नाव खोडलं. भिंगरी रडवेली झाली होती. वर्गाच्या बाईंनी तिला जवळ घेतलं, टेबलावरचा एक कोरा कागद उचलून तिच्या हातात दिला. "याच्या घड्या घाल बघू. आधी मधोमध. आता परत मधोमध." घड्या घालण्यात भिंगरीचा हात कोण धरणार? कागद झटकन दुमडला. बाईंनी तो उलगडला. चार घरं पडली होती. त्यांनी एका घरात पेन्सिलने रेघा ओढल्या. "हे आजीचं औषध. उरलेल्या घरांत काय?"

"पाणी," भिंगरी पुटपुटली.

"म्हणजे हे एक घर पूर्ण कागदाचा चौथा हिस्सा. पण पाण्याच्या मानाने बघितलं तर तिसरा. कळलं?"

भिंगरीने बाईंकडे बघितलं नाही. तिने आपल्या आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, काय उत्तर द्यायचं ते बघायला. वेणीताईच्या जिभेवर ‘हो’ आलाच होता. बाईंच्या बोलण्याचा पूर्वार्ध कळला होता, उत्तरार्ध डोक्यावरून गेला होता, आणि मुख्याध्यापक बघत होते.

"नाही बाई," ती म्हणाली. "शेवटचं नाही कळलं."

"मला पण नाही," भिंगरी लगेच म्हणाली.

बाईंनी कागद पुन्हा सपाट केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रुमाल सावरत आई उठून टेबलापाशी आली होती.

"जरा इकडे धरा हो बाई," ती म्हणाली, "मलाही दिसू द्या."